प्रस्तावना : खाडीतला दुसरा कारखाना

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याची एक जुनी काचेची बरणी आहे. आत लोणचं नाही, माहुलच्या खाडीतला चिखल आहे. त्यात वर्तमानपत्राचा बारीक फाडलेला कागद, उकडलेल्या अंड्याचा बलक, त्याच अंड्याच्या कवचाची पूड, आणि वर चार बोटं खाडीचं पाणी. पहिला आठवडाभर बरणी नुसतीच काळी पडत गेली. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "ओट्याखाली उंदीर मेलाय का बघ गं." सहाव्या आठवड्यात काळ्या तळावर एक गडद हिरवा पट्टा उमटला. त्याच्या वर जांभळं चुरडल्यासारखा दुसरा, त्याच्या वर गंजाच्या रंगाचा, आणि अगदी वर, पाण्याच्या काठाला, आपल्या ओळखीचं शेवाळ. कुणी रंग ओतले नव्हते. त्याच चिखलातले जिवाणू आपापल्या सोयीची जागा धरून बसले होते: उजेड कुठे पोचतो, ऑक्सिजन कुठे संपतो, गंधक कुठून वर येतं, एवढंच बघून.

अशी बरणी पहिल्यांदा मांडली ती सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं, 1880च्या दशकात. गंधकाच्या झऱ्यातले धाग्यासारखे जिवाणू बघताना त्याच्या लक्षात आलं की हे जीव ना आपल्यासारखे अन्न खातात, ना झाडासारखे उन्हावर जगतात. सडक्या अंड्याच्या वासाचा जो वायू आपण नाक दाबून टाळतो, तो जाळून हे पोट भरतात. निव्वळ दगडमातीच्या रसायनांवर संसार चालवता येतो, हे तोपर्यंत कुणाच्या डोक्यात नव्हतं. मला विचाराल तर डार्विनइतकंच मोठं काम आहे ते. पण विनोग्राद्स्कीचं नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही, कारण त्याचे जीव दिसत नाहीत आणि त्यांना वास येतो.

हे पुस्तक त्या वासाबद्दल आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यातला आणि चिखलातला ऑक्सिजन संपला की पुढे काय होतं, कोण कामाला लागतं, आणि त्या कामातून काय हवेत जातं, काय तळाशी उरतं, हा त्याचा विषय. विषय जगभराचा आहे. तरी मी तो चेंबूरपासून सुरू करते. इथे राहते म्हणून नव्हे. नायट्रोजनची दोन्ही टोकं एकमेकांच्या नजरेत असावीत अशी दुसरी जागा मला माहीत नाही, म्हणून.

चेंबूर हे नाव चिंबोरीवरून पडलं असं म्हणतात. खरं असो नसो, शोभतं. पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहुल आणि तुर्भ्याचा कोळीवाडा, मध्ये खाजण, तिवरं, आणि ओहोटीला उघडा पडणारा मैलोन्‌मैल चिखल. या चिखलाच्या कडेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने आले: तेलशुद्धीकरणाचे, विजेचे, आणि खताचा. फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा ट्रॉम्बेचा कारखाना 1965 साली सुरू झाला. 1978 साली त्याची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स झाली. आम्ही चेंबूरकर तिला आरसीएफ म्हणतो, आणि उभ्या महाराष्ट्रातला शेतकरी तिला तिच्या खताच्या नावानं, 'सुफला' म्हणून ओळखतो.

खताच्या कारखान्याचं मूळ काम काय? हवेतला नायट्रोजन पकडणं. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट बिलगून असतात की झाडाला त्याचा काही उपयोग नाही. ती मिठी सोडवायची युक्ती फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1909 साली साधली: धातूच्या कणांवर, चारपाचशे अंश तापमानात, हवेच्या दीडदोनशे पट दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणायचे. त्यातून अमोनिया. अमोनियातून युरिया. गोणीत भरला, मालगाडीत चढवला, आणि तो यवतमाळला कपाशीला किंवा लातूरला उसाला पडला.

आता ती गोणी मागं ठेवून नायट्रोजनच्या पाठोपाठ चला. शेतात टाकलेल्या खतातला निम्म्याहून कमी नायट्रोजन पिकात उतरतो. बाकीचा वाहून जातो, उडून जातो. पिकात उतरलेला डाळीतून, ज्वारीतून, दुधातून शहरात येतो. आपण तो खातो. वाढतं लेकरू त्यातला थोडा अंगी लावून घेतं. मोठ्या माणसाचं शरीर मात्र जेवढा घेतं जवळजवळ तेवढाच बाहेर टाकतं, दिवसाला साधारण 10 ते 12 ग्रॅम. आणि टाकतं ते बहुतांशी युरियाच्या रूपात. नावाचं साम्य नाही हे. गोणीतला युरिया आणि मूत्रातला युरिया यांचा रेणू एकच. फ्रीडरिख व्होलरनं 1828 साली तो प्रयोगशाळेत बनवला तेव्हा रसायनशास्त्र हादरलं, ते याचसाठी: शरीरात बनणारी वस्तू शरीराबाहेर बनली.

बोटांवर हिशेब करू. 2011च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 1 कोटी 24 लाख होती. माणशी 10 ग्रॅम धरले तरी दिवसाला सव्वाशे टनांच्या आसपास नायट्रोजन. युरियात मोजला तर 270 टन, म्हणजे 45 किलोच्या 6,000 गोण्या. रोज. रविवारी सुट्टी नाही. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी नळातून तीनेक किलोमीटर आत समुद्रात सोडलं जातं. घाटकोपर आणि भांडुपच्या केंद्रांतून निघालेलं ठाण्याच्या खाडीत येतं. आणि जे कुठल्याच केंद्रात जात नाही ते नाल्यांमधून, जिथे उतार असेल तिथे. (याला एक गोड अपवाद चेंबुरातच आहे. आरसीएफ शहराचं थोडं सांडपाणी शुद्ध करून आपल्या कामासाठी वापरते. म्हणजे खाल्लेल्या युरियाच्या पाण्यावर नवा युरिया बनतो. ही गोष्ट मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं नाक मुरडायची आणि कधी विसरायची नाहीत.)

मग एवढा नायट्रोजन खाडीत साठत का नाही? थोडा साठतो, थोडा भरती-ओहोटी वाहून नेते. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी पाच मीटरपर्यंत चढतं उतरतं, ते मोठं झाडूकाम आहे. पण बराचसा परत हवेत जातो. आरसीएफच्या धुराड्यांसमोर, ओहोटीच्या चिखलात, उलटा कारखाना चालू आहे. पुढच्या कारखान्यात नायट्रोजनच्या अणूंची मिठी सोडवायला चारपाचशे अंश लागतात. इथे ती पुन्हा जुळते, खाडीच्या कोमट पाण्यात, पगाराशिवाय.

हे कसं होतं ते समजायला आधी श्वास म्हणजे काय ते बघायला हवं. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण यावरच आहे, आणि वाचकानं ते टाळू नये, अशी विनंती.

अन्नातून ऊर्जा काढायची म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. काढले तर खरे, पण ठेवायचे कुठे? कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. आपण ते ऑक्सिजनच्या पदरात टाकतो. श्वास घेतो तो त्यासाठी. ऑक्सिजन फार उदार आहे. त्याला इलेक्ट्रॉन दिले की सर्वात जास्त ऊर्जा हाती लागते. पण पाण्यात तो थोडाच विरघळतो. आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात, अगदी भरपूर म्हटलं तरी, लिटरला सहाएक मिलिग्रॅम. तो दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे पळ काढतात. पळता न येणारे मरतात. सांडपाणी आलं, त्यावर जिवाणू तुटून पडले, की हा साठा काही तासांत संपू शकतो. चिखलात तर वरच्या दोनचार मिलिमीटरच्या खाली तो पोचतच नाही.

पुढचा पदर नायट्रेटचा. ऑक्सिजनच्या जवळपास तितकाच उदार. जिवाणू नायट्रेटवर इलेक्ट्रॉन टाकतात, त्याचं नायट्राइट होतं, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, आणि शेवटी साधा नायट्रोजन, जो बुडबुड्यानं वर येतो आणि हवेत मिसळतो. नायट्रेट संपलं की मँगनीज आणि लोखंडाचे गंज. तेही संपले की सल्फेट. इथे मात्र साठा अफाट आहे: समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. रेणूंनी मोजलं तर ऑक्सिजनच्या शंभराहून अधिक पट. ऊर्जा कमी मिळते, पण दुकान कधी बंद होत नाही. सल्फेटवर इलेक्ट्रॉन टाकले की हायड्रोजन सल्फाइड बनतो. काकूंचा उंदीर तो हाच. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. खाडीचा चिखल काळा दिसतो तो त्यामुळे. देवघरातली चांदीची निरांजनं काळवंडतात त्याचं कारणही गंधकाचा हाच वायू. माहुलचा चिखल हातात घेऊन जरा वेळ उन्हात धरा, वरून तपकिरी होत जाईल. काळेपणा घाण नव्हता, श्वास अडल्याची खूण होती. हवा लागली आणि लोखंड पुन्हा गंजलं.

सर्वात खालची पायरी मिथेनची. तिथले जीव कार्बन डायऑक्साइडवरच निभावतात. घरातला गॅस संपला की स्टोव्ह, रॉकेल संपलं की चूल, लाकडं संपली की गोवऱ्या, आणि गोवऱ्याही संपल्या की पालापाचोळा. तशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर जाळ मंद होतो, पण स्वयंपाक थांबत नाही. थांबत नाही, हेच मला या पुस्तकात सांगायचं आहे. ज्या पाण्याला वर्तमानपत्रं सर्रास 'मृत' म्हणतात, त्यात मासे मेलेले असतात. बाकीचं गाव जागंच असतं, आणि सगळं कामावर असतं.

या शेवटच्या पायरीचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयात, तेव्हाच्या माटुंग्याच्या आश्रमात, 1897च्या सुमारास मैल्यापासून वायू काढून वापरल्याची नोंद जैववायूच्या इतिहासात हमखास येते. आणि शंभर वर्षांनी, खाडीच्या काठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यापासून मिथेन काढणारा 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. अणुशक्तीच्या घरात जिवाणूंच्या चुलीवर संशोधन व्हावं, यात मला काही विसंगती वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच: ऊर्जा कुठे दडली आहे?

आता नायट्रोजनच्या एका आडवाटेबद्दल. 1990च्या दशकात हॉलंडमधल्या डेल्फ्टला सांडपाण्याच्या एका टाकीत अमोनिया हिशेबापेक्षा जास्त नाहीसा होऊ लागला. ऑक्सिजनशिवाय अमोनिया संपू शकत नाही, असं तेव्हा सगळे मानत. एंगेलबर्ट ब्रोडा या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं मात्र 1977 सालीच कागदावर दाखवलं होतं की अमोनिया आणि नायट्राइट यांची गाठ घालून नायट्रोजन बनवणारा जीव असायला हरकत नाही; ऊर्जेचं गणित जुळतं. डेल्फ्टला तो जीव सापडला. 1999 साली त्याची ओळख पटली. त्याच्या पेशीत एक कप्पा असतो, आणि त्या कप्प्यात अमोनियाचं नायट्रोजन करताना मधल्या टप्प्यावर हायड्रॅझिन तयार होतं. उपग्रहांना कक्षेत सरकवायला जे इंधन वापरतात ते. इतकं विषारी की पेशीनं ते कोंडून ठेवायला शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेणूंच्या चरबीची भिंत बांधली आहे. अशी चरबी दुसऱ्या कुठल्याही जिवात आढळलेली नाही. एका जिवाणूच्या पोटात रॉकेटचं इंधन! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करते.

एवढं झाल्यावर खाडीबाहेर पडायला हवं, कारण खरी मोठी गोष्ट बाहेर आहे. मुंबईच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात, साधारण दीडशे मीटर खोलीपासून हजार मीटरपर्यंत पाण्याचा एक जाडजूड थर जवळजवळ ऑक्सिजनविना आहे. सांडपाण्यामुळे नाही, हा थर माणसाच्या आधीचा आहे. वरच्या पाण्यात मान्सूनमुळे वनस्पतीप्लवकांचं अमाप पीक येतं, मरून खाली जातं, तिथे कुजताना ऑक्सिजन खातं. आणि उत्तरेला जमीन असल्यानं ताजं पाणी त्या बाजूनं येऊ शकत नाही. 1933-34 साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम निघाली, सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली. ओमानच्या आखाताजवळ तिनं तळाचा चिखल वर काढला तेव्हा त्याला सडक्या अंड्याचा वास होता आणि त्यात प्राणी नव्हते. मग 1960च्या आसपास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आली, आणि तिच्या पाठोपाठ 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात, दोना पावलाला. जगातल्या सगळ्या समुद्रांच्या पाण्यात जेवढं नायट्रेट असं मोडलं जातं त्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या अरबी समुद्राचा आहे, हे या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं नमुने घेऊन जगाच्या नकाशावर आणलं.

त्यांतलं एक काम मला विशेष भावतं, कारण त्यात चमत्कार काही नाही, चिकाटी आहे. 1997 पासून या संस्थेचे लोक गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पंचवीसेक मीटर खोल पाण्यात, वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन पाणी काढत आले. मोजमापांतून वर्षाचा एक क्रम दिसला. मान्सूनचे वारे सुरू झाले की किनाऱ्यालगत खोल समुद्रातलं, मुळातच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं. वरून पाऊस आणि सह्याद्रीतल्या नद्यांचं गोडं पाणी येऊन त्यावर पातळ झाकण घालतं. झाकणाखाली ऑक्सिजन संपत जातो. ऑगस्टच्या सुमारास नायट्रेट मोडायला सुरुवात होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेही संपून तळाशी सल्फाइड दिसू लागतं. मग वारे फिरतात, प्रवाह उलटतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पाणी पुन्हा मोकळं होतं. दरवर्षी. महाराष्ट्रात मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, होड्या निघतात. आणि खाली, दक्षिणेकडच्या तळावर, उतरंड नेमकी तेव्हाच सुरू असते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, असा ऑक्सिजन संपणारा हा हंगामी पट्टा साधारण 1,80,000 चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. मेक्सिकोच्या आखातातला जो 'डेड झोन' जगभर गाजतो, त्याचा 2017 सालचा उच्चांक 22,700 चौरस किलोमीटरच्या आसपास होता. आपला आठपट मोठा आणि आपल्याकडे तो कुणाच्या गप्पांत नाही. सय्यद वाजिह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर'मध्ये या पट्ट्यावर निबंध छापला. त्यात त्यांनी नोंदवलेलं नायट्रस ऑक्साइडचं प्रमाण समुद्रात तोवर मोजल्या गेलेल्या प्रमाणांत सर्वाधिक होतं. नायट्रेट मोडण्याच्या साखळीतली ही शेवटून दुसरी कडी. काम अर्धवट राहिलं की इथे गळती होते. हा वायू शंभर वर्षांच्या मापात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो, आणि वर जाऊन ओझोनही खातो. नक्वींनी हे प्रमाण वाढण्यामागे किनाऱ्याकडे वाहून येणाऱ्या खतांकडेही बोट दाखवलं. म्हणजे पुन्हा गोणीच. तिचा वाटा किती आणि मान्सूनचा किती, यावर समुद्रशास्त्रज्ञ अजून भांडतात, आणि भांडावं अशीच ती गोष्ट आहे. आडवाटेच्या जीवांवरूनही असंच भांडण झालं. अरबी समुद्रात नायट्रोजन परत हवेत पाठवण्यात मोठा वाटा त्यांचा की नायट्रेट मोडणाऱ्या जुन्या मंडळींचा? बेस वॉर्ड यांच्या गटानं, ज्यात गोव्याचे शास्त्रज्ञही होते, 2009 साली कौल जुन्यांच्या बाजूनं दिला.

इथे एक खबरदारी. गोव्याच्या समुद्रातली ऑक्सिजनची टंचाई आणि माहुलच्या खाडीतली टंचाई यांची सरमिसळ करू नये. वर्तमानपत्री लेखांत ती सर्रास होते. पहिली मुख्यत्वे मान्सूनची, समुद्राच्या आकाराची, हजारो वर्षांची. दुसरी आपली, गेल्या दीडशे वर्षांची, नळाच्या व्यासाइतकी. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ फार रुंद आहे, खोल पाण्याचं वर येणं दक्षिणेइतकं जोरकस नाही. इथे खाडी गुदमरते ती आपल्यामुळे. जिवाणूंना दोन्हीकडे काम तेच. पण पहिलीची जबाबदारी बहुतांशी कुणावर नाही, दुसरीची आहे.

चिखलातल्या बाकीच्या रहिवाशांनी ही टंचाई कधीच गृहीत धरलेली आहे. तिवराची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून उभी वर येतात, ती हवा घ्यायला. निवटी ही मासळी तर पाण्याबाहेरच येऊन बसते आणि ओल्या कातडीतून श्वास घेते. निवट्यांच्या काही जाती तोंडात हवा भरून बिळात नेतात आणि अंड्यांच्या खोलीत सोडतात. आणि रोहित. 1990च्या दशकापासून शिवडी-माहुलच्या चिखलावर हजारोंनी येणारे हे गुलाबी पक्षी खातात ते मुख्यत्वे शेवाळ आणि त्यासारखे सूक्ष्म जीव, आणि त्या शेवाळाला पोसतं ते आपल्या सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस, असं अनेक अभ्यासक मानतात. 2015 साली ठाणे खाडीत रोहितांचं अभयारण्य झालं, 2022 साली ती खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. शहरानं ज्यासाठी लाजायचं त्यावर पाहुणे जेवतात आणि आपण त्यांचे फोटो काढतो. मीही काढते.

पण म्हणून सांडपाणी बरं, असा अर्थ कुणी काढू नये. पुस्तकाचं हस्तलिखित वाचून एका सद्‌गृहस्थांनी तो काढला होता. चिखलातल्या कारखान्याला काही प्रमाणातच काम झेपतं. माल जास्त झाला की नायट्रेटची पायरी तुडवून गाडी थेट सल्फाइडवर येते, आणि सल्फाइड बाकीच्या जीवांसाठी विष आहे. माणसासाठीही. थोडा असला की वास येतो, जास्त झाला की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि कोसळतो. मॅनहोलमध्ये उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत 'गुदमरून' असा एकच शब्द असतो. त्यामागची उतरंड तीच, जी माझ्या बरणीत आहे. या देशात माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवायला 2013च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात. जिवाणूंवर पुस्तक लिहिताना हे परिच्छेदाच्या पोटात दडवून पुढे जाणं मला जमलं नाही, म्हणून शेवटून दुसरं प्रकरण पूर्ण त्यावर आहे.

भाषेबद्दल थोडं. मराठीत या विषयाचे शब्द दोन टोकांना आहेत: एका टोकाला परिभाषा कोशातले, 'विनायट्रीकरण' वगैरे, जे उच्चारताना जीभ अडखळते, दुसऱ्या टोकाला कोळीवाड्यातले, खाजण, रेव, भांगाची भरती, जे उच्चारताना चिखलाचा वास येतो. मी जिथे जमलं तिथे दुसऱ्यांच्या बाजूनं गेले. अमोनिया, नायट्रेट, सल्फेट तसेच ठेवले; युरियाला मराठी शब्द शोधायला गेले तर शेतकरीच हसेल. समीकरणं शेवटी वेगळी दिली आहेत, ती न वाचता पुस्तक समजतं. वाचली तर जास्त मजा येते.

बरणी मांडायची असेल तर मांडा. चिखल ओहोटीला काढा, काळा असेल तिथला, हातमोजे घालून. बरणी थेट उन्हात ठेवू नका, उजेडात ठेवा. अंड्याचा बलक एकच पुरे. झाकण घट्ट लावू नका. आतून वायू येत राहतो, आणि घट्ट झाकणाची माझी पहिली बरणी पहाटे तीनला फुटली होती. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

चेंबूर,
नारळी पौर्णिमा